एडीएचडी आणि लपवण्याचे ओझे: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न: माझे वय ३८ आहे, बँकेत अधिकारी आहे. गेल्या वर्षी माझ्या ९ वर्षांच्या मुलीला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे, उतावळेपणा आणि अतिचंचलता ही लक्षणे असलेली मेंदूची स्थिती, असल्याचे निदान झाले. तिच्या तपासणीच्या ओघात डॉक्टरांनी मलाही बरेच प्रश्न विचारले आणि शेवटी माझेही तेच निदान झाले. गोळ्या सुरू आहेत, फरकही जाणवतो. पण पती म्हणतात, ‘घरात कुणाला सांगू नकोस, आईला ते पटणार नाही आणि नातेवाइकांत चर्चा होईल.’ म्हणून गोळ्या मी तांदळाच्या डब्यात ठेवते. कामांच्या चिठ्ठ्या ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या आहेत. पहाटे साडेचारला उठून आदल्या दिवशी विसरलेली कामे उरकते, म्हणजे विसरले होते हे कुणाला कळत नाही. बँकेतही तेच चालते. शाळेत तर मी पहिल्या तिनांत असायचे, मग हे निदान तरी खरे असेल का, अशीही शंका येते. आता फार थकले आहे. लपवणे थांबवावे का? थांबवायचे तर कुणाला काय सांगावे?

उत्तर: तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. ‘मला एडीएचडी आहे’ असे सांगणे ही एक आणि ‘हे काम मला लिहून द्या’ असे सांगणे ही दुसरी. पहिली गोष्ट कुणाला सांगायची, कधी सांगायची, की मुळीच सांगायची नाही, हे सर्वस्वी तुम्ही ठरवायचे आहे आणि त्यात घाई करण्याचे काही कारण नाही. दुसरी मात्र लपवत राहिलात तर औषध लागू पडूनही थकवा हटणार नाही. मनोविकारतज्ज्ञ म्हणून ज्या स्त्रिया माझ्याकडे येतात, त्यांतल्या पुष्कळ जणी निदान झाकण्याच्या धडपडीत गरजाही झाकून टाकतात, आणि मग ‘गोळ्यांनी लक्ष लागतं, पण संध्याकाळी मी उरतच नाही’ अशी तक्रार घेऊन परत येतात.

आधी तुमच्या शंकेविषयी. एडीएचडी म्हटले की वर्गात जागेवर न बसणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो, कारण डॉक्टरांकडे नेले जाते ते इतरांना त्रास देणारे मूल. खिडकीबाहेर पाहत बसलेली, भूमितीची वही घरी विसरलेली, उत्तर येत असूनही प्रश्न अर्धाच वाचणारी मुलगी कुणालाच त्रास देत नाही. तिच्या प्रगतिपुस्तकावर ‘हुशार आहे, पण निष्काळजी’ असा शेरा पडतो आणि विषय तिथेच संपतो. अतिचंचलता नसतानाही अवधानाचा दोष असू शकतो, हे अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणाने १९८० मध्ये मान्य केले. पुढे २०१३ च्या आवृत्तीत, लक्षणे ७ व्या वर्षाआधी दिसलेली असावीत ही अट सैल करून ती १२ वर्षांपर्यंत आणली गेली आणि १७ वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी अवधानदोष आणि अतिचंचलता-उतावळेपणा या दोन गटांपैकी एका गटातील ९ लक्षणांपैकी ६ ऐवजी ५ पुरेशी धरली गेली. बालरुग्णांत मुलग्यांची संख्या मुलींच्या कितीतरी पट दिसते आणि प्रौढांत ही तफावत बरीच कमी होते, याचे एक मोठे कारण हेच की मुली लहानपणी नजरेतून सुटतात आणि मोठेपणी स्वतःच्या पायांनी येतात, अनेकदा तुमच्यासारख्या, मुलांच्या निदानाच्या वाटेने.

पहिल्या तिनांत असणे आणि एडीएचडी यांत विरोध नाही. शाळेत तुमच्याभोवती एक तयार चौकट होती: वेळापत्रक शाळेचे, डबा आईच्या हातचा, गणवेश आदल्या रात्री इस्त्री करून ठेवलेला आणि परीक्षा तोंडावर आली की भीतीपोटी लागणारी एकाग्रता. बुद्धी चांगली असली की या चौकटीत मेंदूची उणीव झाकली जाते. लग्नानंतर, आणि विशेषतः मूल झाल्यावर, चौकट निघून जाते; इतकेच नव्हे तर घरातल्या सर्वांची चौकट उभी करण्याचे काम तुमच्याच अंगावर पडते. म्हणून पस्तिशी-चाळिशीत अचानक ‘सगळे हातातून निसटते आहे’ असे वाटू लागते. थायरॉइड, रक्तातील हिमोग्लोबिन आणि झोप यांची तपासणी झाली नसेल तर ती मात्र करून घ्या. आपल्याकडच्या स्त्रियांत रक्तक्षय इतका सर्रास आढळतो की मी तो गृहीत धरूनच चालते.

आता दबावाकडे वळू. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात असे दिसले आणि पुरुष ९७ मिनिटे. ही मिनिटे हातांच्या कामाची आहेत. गॅस सिलिंडर कधी लावायचा, कुणाच्या पथ्याची भाजी कोणती, भाचीच्या साखरपुड्याला आहेर काय, मुलीच्या शाळेत चित्रकलेचे साहित्य कोणत्या वारी न्यायचे, हे सगळे डोक्यात बाळगण्याचे काम त्यात वेगळे मोजलेले नाही. एडीएचडीत नेमकी हीच यंत्रणा अशक्त असते: गोष्ट तात्पुरती लक्षात धरून ठेवणे, कामांचा क्रम लावणे, वेळेचा अंदाज घेणे. म्हणजे समाजाने स्त्रीकडे ‘आपोआप जमायलाच हवे’ म्हणून सोपवलेले काम आणि या स्थितीतील सर्वांत दुबळी जागा एकच निघते. पुरुष विसरभोळा असला तर लोक कौतुकाने हसतात. तेच स्त्रीच्या बाबतीत वळण, संस्कार आणि माहेर इथपर्यंत जाऊन पोहोचते. तुम्ही लपवू लागलात ते भित्रेपणामुळे नाही, अनुभवाने शिकलात म्हणून, आणि त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका.

तरीही लपवणे आणि सावरणे यांत फरक करायला हवा. मोबाइलवर गजर लावणे, यादी करणे, किल्ल्या एकाच खुंटीला अडकवणे ही सावरण्याची साधने आहेत आणि ती आयुष्यभर वापरायची आहेत. फरक ओळखण्यासाठी मी एक साधी कसोटी सांगते: तुमची ही युक्ती चारचौघांना दिसली तर तिचा उपयोग टिकतो की संपतो? यादी भिंतीवर लागली तरी यादीचे काम होतेच. ते साधन आहे. पहाटे साडेचारला उठण्याचा उपयोग मात्र कुणी पाहिले की संपतो, कारण काम उरकण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्याचा उद्देश विसरलेले लपवणे हा आहे. तुमच्या चिठ्ठ्या मुळात साधन होत्या. दार लावल्यावर दिसणार नाहीत अशा चिकटवल्यामुळे त्या लपवणुकीत जमा झाल्या. शिवाय जी चिठ्ठी दिसत नाही ती एडीएचडी असलेल्या मेंदूसाठी जवळजवळ नसल्यातच जमा असते. ती पाहायचे लक्षात ठेवण्याचे नवे काम तुम्ही स्वतःवर लादून घेतले आहे.

लपवण्याची किंमत नेमकी कुठे मोजावी लागते, हे बँकेतल्या एखाद्या बैठकीवरून पाहा. शाखाधिकारी बोलत असताना तुम्ही त्यांच्याकडे नजर लावून बसता, योग्य जागी मान हलवता, पाय हलू नयेत म्हणून ते खुर्चीखाली अडकवून ठेवता, मध्येच काही बोलून जाऊ नये म्हणून ओठ मिटून घेता. लक्ष देत असल्यासारखे दिसण्याला जे श्रम लागतात, ते प्रत्यक्ष लक्ष देण्यासाठी असलेल्या शिदोरीतूनच खर्च होतात. बैठक संपते, तुम्ही अगदी एकाग्र दिसलेल्या असता आणि परिपत्रकाची अंतिम तारीख काय ठरली ते तुम्हाला आठवत नाही. मग ती सहकाऱ्याला सहज विचारल्यासारखे दाखवून काढून घ्यायची, म्हणजे आणखी एक नाटक. दिवसभराच्या अशा नाटकानंतर घरी पोहोचल्यावर मुलीने बूट दारात टाकले एवढ्यावरून आवाज चढतो आणि रात्री त्याची टोचणी लागते. बाहेरच्यांना तुम्ही शांत, हसतमुख वाटता. ओरडा वाट्याला येतो तो घरच्यांच्या. अनेक स्त्रियांना वर्षानुवर्षे चिंतेवरच्या किंवा नैराश्यावरच्या गोळ्या मिळत राहतात आणि त्यामागचा एडीएचडी तसाच राहतो, त्याचे कारण हेच की डॉक्टरांसमोरही त्या नीटनेटक्या, वेळेवर आणि हसतमुखच येतात.

हा विषय मी थोडा गंभीरपणे घेते, त्याला कारण आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिन्शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एडीएचडी असलेल्या १४० मुली आणि तुलनेसाठी ८८ इतर मुली, सर्व ६ ते १२ वयाच्या, अभ्यासासाठी निवडल्या आणि त्या मोठ्या होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. तारुण्यात पोहोचेपर्यंत त्यांतल्या पुष्कळ जणींची बाहेर दिसणारी चंचलता ओसरली होती, पण विशेषतः ज्यांना लहानपणी अवधानदोषाबरोबर उतावळेपणाही होता, त्यांच्यात स्वतःला इजा करून घेण्याचे आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण तुलनेतील मुलींपेक्षा बरेच जास्त आढळले. वरून शांत दिसणे म्हणजे आतून बरे असणे नव्हे, हे या कामामुळे आम्हा लोकांना पक्के कळले. ‘मी नसते तर बरे झाले असते’ असा विचार तुमच्या मनात कधी आला असेल, तर तो आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा. मध्यरात्री कुणीच हाताशी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

आता काय करावे ते पाहू, आणि सुरुवात स्वयंपाकघरापासून करू, कारण तुमची सर्वांत जास्त शक्ती तिथे जाते. कपाटाच्या आतली चिठ्ठी बाहेर काढा आणि एक मोठी पाटी किंवा कॅलेंडर फ्रिजवर लावा. त्यासाठी निदान सांगावे लागत नाही. आपल्या घरांत लिहून ठेवण्याला कधीच कमीपणा मानलेला नाही. वाण्याची यादी असते, दुधाचा हिशेब कॅलेंडरवर असतो, लग्नात आहेराची वही घेऊन एक जण बसलेलाच असतो. याच रिवाजाचा आधार घ्या. गौरी-गणपतीच्या आधी सासूबाईंजवळ वही-पेन घेऊन बसा आणि म्हणा, ‘आई, तुमच्या पद्धतीने काय काय लागतं ते सांगा, मी लिहून घेते, दरवर्षी तुम्हाला विचारायला नको.’ सोळा भाज्या, फुलोरा, ओटीचे सामान, सगळे एकदा कागदावर आले की ते तुमच्या डोक्यातून उतरते. सासूबाईंना त्यात सुनेचा आजार दिसत नाही, आपल्या रीतीची कुणी नोंद ठेवते आहे हे दिसते. माझ्याकडे येणाऱ्या काही जणींच्या घरी ही वही पुढे धाकट्या जावेनेही मागून घेतली.

रोजच्या कामांसाठी एक वाक्य पाठ करून ठेवा: ‘आई, एका वेळी दोनच कामं सांगा, तिसरं माझ्या लक्षात राहत नाही.’ पहिल्यांदा ते म्हणताना जड जाईल. समोरून टोमणाही येईल, तो येऊ द्या. त्याचे स्पष्टीकरण देत बसू नका, माफी तर मुळीच मागू नका; पुढच्या वेळी तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणा. गरज सांगताना चूक कबूल केल्याचा सूर लावला, की ऐकणारा न्यायाधीश होतो. दूध गॅसवर ठेवून दुसरीकडे जाण्याची सवय असेल तर दूध तापवायच्या कुकरची शिट्टी किंवा गॅसशेजारी ठेवलेले टायमर हे साधे उपाय आहेत आणि ते कुणाला खटकण्याचे कारण नाही. साडेचारचे उठणे मात्र बंद करा. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशीचे विसरणे वाढते आणि ते झाकायला आणखी पहाटे उठावे लागते. हे चक्र गोळीच्या मात्रेने तुटत नाही.

पतीशी बोलणे वेगळे आहे. त्यांना निदान माहीत आहे, म्हणून तिथे झाकण्यासारखे काही उरलेले नाही; त्यांनी तुमच्यावर घातलेली अट मात्र उरली आहे. त्यांच्या मनात बहुधा वाईट काही नाही, घरात वाद नको इतकेच असेल. पण ‘सांगू नकोस’ म्हणणाऱ्याने लपवण्यातला आपला वाटाही उचलायला हवा. त्यांना स्पष्ट सांगा, ‘आईंना नाव सांगायचं नसेल तर नको सांगूया, पण मग वीजबिल, मुलीच्या शाळेचे मेसेज आणि डॉक्टरांच्या तारखा तू बघ.’ ही तीन कामे ‘मदत’ म्हणून नव्हे, कायमची त्यांची म्हणून जायला हवीत. ‘मला आठवण कर, मी करतो’ असे उत्तर आले, तर लक्षात ठेवण्याचे काम तुमच्याकडेच राहिले असे समजा.

निदान सर्वांना सांगून मोकळे व्हावे, असा सल्ला मी देत नाही. ज्या घरात ही माहिती पुढच्या भांडणात शस्त्र म्हणून वापरली जाईल, जिथे मारहाण आहे किंवा माहेरी पाठवण्याची धमकी आहे, तिथे गप्प राहणे शहाणपणाचे असते आणि त्या घरातल्या स्त्रीला ‘खरे बोला’ असे सांगणे बेजबाबदारपणाचे ठरेल. अशा स्त्रिया मला हमखास विचारतात की या निदानाच्या कागदावर घटस्फोट होईल का. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचे कारण आहे, परंतु जोडीदाराने सोबत राहण्याची अपेक्षाच रास्तपणे करता येणार नाही इतका तो तीव्र असावा लागतो, आणि केवळ निदानाचे नाव त्यासाठी पुरेसे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. तसेच मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार तुमच्या उपचारांची माहिती, काही ठरावीक अपवाद वगळता, आम्ही तुमच्या संमतीशिवाय सासरच्यांनाही देऊ शकत नाही.

बँकेच्या बाबतीत मी अधिक सावध आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार नमूद आहेत, त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजारही आहे. एडीएचडीचे नाव मात्र स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे निदान सांगितले की सवलत मिळेलच असे नाही आणि बदलीच्या किंवा बढतीच्या वेळी कुणी त्याचा काय अर्थ लावेल हे आपल्या हातात राहत नाही. तिथे कामाच्या भाषेत बोला. बैठकीनंतर तुम्हीच दोन ओळींचा ई-मेल पाठवा: ‘आज ठरलेले मुद्दे असे, माझ्याकडे ही दोन कामे, या तारखेपर्यंत. काही राहिले असल्यास कळवावे.’ याला शाखेत शिस्त म्हणतात. बैठकीत लिहीत बसा. वहीत पाहणाऱ्या माणसाने नजरेला नजर भिडवलीच पाहिजे, अशी अपेक्षा कुणी करत नाही. कर्जाची प्रकरणे तपासण्यासारखे काम ग्राहकांची वर्दळ सुरू होण्याआधीच्या वेळेत मागून घ्या आणि ‘मध्ये अडवलं की माझ्या हातून आकडा चुकतो’ एवढे कारण द्या. ते खरेही आहे आणि बँकेत पटण्यासारखेही.

गोळ्या तांदळाच्या डब्यातून आजच काढा. तुम्ही घेता ते औषध मिथाइलफेनिडेट असेल तर ते औषधविषयक नियमांतील शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीत मोडते. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते आणि एक प्रत औषध दुकानदार ठेवून घेतो, इतक्या काटेकोरपणे ते हाताळले जाते. घरात ९ वर्षांची मुलगी आहे, डब्यात कुणीही हात घालू शकते, आणि तुम्हाला अचानक काही झाले तर कोणती गोळी घेता हे सांगणारे कुणी हवे. कुलपाच्या कपाटात ठेवा आणि किमान पतीला जागा आणि मात्रा माहीत असू द्या. लपवून औषध घेणाऱ्या स्त्रियांत मला आणखी एक अडचण दिसते, ती उपवासांची. या औषधाने भूक मंदावते, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढू शकतो. चतुर्थीला किंवा नवरात्रात रिकाम्या पोटी गोळी आणि वर दोन-तीन कप चहा झाला, की छातीत धडधड सुरू होते. घरात कुणाला माहीत नसल्यामुळे ‘मला आज उपास नको’ हेही म्हणता येत नाही. हा विषय डॉक्टरांकडे आपणहून काढा. मात्रा, वेळ आणि उपवासाचे खाणे यांची सांगड घालता येते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात गोळीचा गुण कमी वाटत असेल तर त्याचीही कॅलेंडरवर नोंद ठेवा. त्या दिवसांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते, लक्ष टिकवण्यास मदत करणाऱ्या डोपामिन या मेंदूतील रसायनाच्या कार्याशी त्याचा संबंध आहे आणि बऱ्याच जणींना त्या काळात विसरणे व चिडचिड वाढलेली जाणवते. पाळी जायच्या सुमारासही असेच होऊ शकते.

राहिली मुलगी. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के असल्याचे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते. याचा अर्थ १०० पैकी ७० मुलांना तो होतो असा नाही आणि ‘तुझ्यामुळे झालं’ असे म्हणायलाही त्यात काही आधार नाही. पण आई चिठ्ठ्या कुठे चिकटवते, हे ९ वर्षांच्या मुलीला नक्की ठाऊक असते, तुम्हाला वाटो न वाटो. तिच्याशी मोठे भाषण करण्याची गरज नाही. रात्री दप्तर भरताना तिची यादी आणि तुमची यादी फ्रिजवर शेजारी लावा आणि दोघी आपापल्या खुणा करा. तिच्या वर्गशिक्षिकांना मात्र निदानासह सांगणे मला योग्य वाटते, कारण तिथे न सांगितल्यास तिच्याही प्रगतिपुस्तकावर ‘निष्काळजी’ हाच शेरा येईल. तुमच्या पुढच्या भेटीला पतीला सोबत नेता आले तर न्या. कामांच्या वाटणीविषयी आणि औषधाच्या जागेविषयी जे तुम्हाला घरी बोलायला जड जाते, ते डॉक्टरांसमोर पंधरा मिनिटांत बोलून होते.